ओढ आणि ओडु

विमान वर न्यायला फारसं काही लागत नाही. इंजिनाला जोर द्यायचा, नाक धावपट्टीच्या मधल्या रेषेवर ठेवायचं, वेग आला की ते आपलं आपणच उठतं. त्याला आपली गरज नसते. गरज पडते ती खाली आणताना, आणि मला ते खाली आणता येत नव्हतं.

आता सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. माझ्याबरोबर शिकायला लागलेले तिघेही एकटे उडून आले होते. त्याला आमच्याकडे ‘सोडणं’ म्हणत. शिकवणारे सर एके दिवशी इंजिन चालू असतानाच दार उघडून खाली उतरतात, दार नीट लावतात, बाजूला होतात आणि हातानं खूण करतात: जा. एक फेरी मारायची आणि उतरायचं. उतरून आलं की बाकीच्यांनी अंगावर बादलीभर पाणी ओतायचं, ही पद्धत. त्या तिघांच्याही अंगावर पाणी मीच ओतलं होतं. बादली भरून ठेवायचं काम न सांगता माझ्याकडे आलं होतं, कारण मी कायम जमिनीवर.

मला एवढंच हवं होतं, सरांनी मला सोडावं. बाकी काही मागणं नव्हतं माझं.

आमचं घर तंजावूरला, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत. गल्लीत मराठी बोलणारी आता मोजकीच घरं उरली आहेत आणि त्यांतही पोरं तमिळमध्येच भांडतात. देवनागरी वाचणारे आमच्या घरात एकटे अप्पा, म्हणजे माझे वडील. त्यांनी मला ती जबरदस्तीनं शिकवली, म्हणून हे मी लिहू शकते. मी विमान शिकते आहे हे गल्लीत कळलं तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘या गावचं विमान हजार वर्षं जागचं हललेलं नाही, आणि ही निघाली विमान हलवायला.’’ आमच्याकडे विमान म्हणजे आधी मोठ्या देवळाचं शिखर. दुसरं विमान पेपरात असतं. मला का उडायचं होतं ते विचारू नका. सगळ्यांनी विचारून झालं आहे आणि मला एकदाही धड उत्तर देता आलं नाही.

धावपट्टी ओरत्तनाडूकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुख्य रस्ता सोडून आत होती. मी पहाटेची बस धरायची. बसमध्ये शाळेतल्या शिक्षिका असायच्या, सरकारी कचेरीत जाणारे असायचे, माडाच्या झावळ्या घेऊन चढणाऱ्या बायका असायच्या. फाट्यावर उतरून पुढे चालायचं. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, आणि मग एकदम ती काळी पट्टी, पत्र्याचं हँगर आणि आमचं दोन सीटचं पांढरं विमान.

आधीच्या आठवड्यांत मला सर इंग्रजीतच शिकवायचे. विमानात इंग्रजीच बोलायचं असा नियम असतो आणि तो बरोबरच आहे. पण इंग्रजी ऐकलं की मी परीक्षेला बसल्यासारखी ताठ व्हायचे. जमीन जवळ आली की हातातला दांडा हळूहळू पोटाकडे घ्यायचा असतो, म्हणजे विमानाचं नाक वर येतं, वेग मरतो आणि मागची चाकं अलगद टेकतात. वाचायला सोपं आहे. मी एक तर फार लवकर घ्यायचे किंवा घ्यायचेच नाही. घोडं कुठे पेंड खातं आहे ते ना मला कळत होतं, ना सरांना. सर शेवटी म्हणायचे, ‘‘आय हॅव कंट्रोल,’’ म्हणजे आता विमान माझ्या हातात, तू हात काढ. मी हात काढून मांडीवर ठेवायचे. त्या वाक्याचा मला इतका राग यायचा की एकदा बसमध्ये कंडक्टरनं तिकीट माझ्या हातातून परत घेतलं तेव्हाही तेच आठवलं.

सर मराठी आहेत हे मला ठाऊक होतं, पण मी मराठी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एक दिवस मी हँगरबाहेरच्या बाकावर बसून अप्पांशी फोनवर बोलत होते. अप्पा विचारत होते जेवलीस का, मी सांगत होते डबा उघडलाच नव्हे. फोन ठेवला तर सर समोर उभे.

‘‘तू मराठी?’’

‘‘होय सर.’’

‘‘कुठली गं?’’

‘‘तंजावूरची.’’

‘‘ते राहू दे. मूळची कुठली?’’

‘‘मूळचीच.’’

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग जोरात हसले. स्वतः सांगलीकडचे. बायको-मुलं तिकडे, हे इकडे एका खोलीत सांबार-भात खाऊन राहायचे. मराठी बोलायला माणूस नव्हतं. त्या दिवशी ते माझ्याशी बोलत सुटले आणि मी काही बोलले की पुन्हा हसायला लागायचे. मी म्हणाले, ‘‘मज ठाऊक नव्हे सर,’’ तर म्हणाले, ‘‘अगं, हे पोथीतलं मराठी आहे. ‘मज’ म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघतोय.’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही उशिरा बघितलंत, आम्ही इथेच होतो.’’ त्यांना ते आवडलं. तेव्हापासून मी त्यांची लाडकी झाले, असं बाकीचे म्हणायचे. लाडकी असून जमिनीवरच होते, ते निराळं.

मग मीच त्यांना म्हटलं की सर, वर मराठीत सांगाल का? रेडिओवर बोलायचं ते इंग्रजीतच बोलू, पण आपल्या दोघांत मराठी. ते थोडे घुटमळले आणि मग ‘बघू’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी उतरताना त्यांनी पहिल्यांदा म्हटलं, ‘‘घे, घे, अजून घे, थोडं थोडं घे,’’ आणि माझा हात आपोआप हळू झाला. आई पानात वाढताना म्हणते ना, घे अजून थोडं, तसं. चाकं टेकली ती जवळजवळ कळलीच नाहीत. सरांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. वर आमची करमणूकही व्हायची. सर ‘‘नाक वर’’ म्हणायचे आणि मला हसू फुटायचं, कारण तमिळमध्ये ‘नाक्कु’ म्हणजे जीभ. ‘‘पाय, पाय वापर,’’ म्हणायचे, म्हणजे पायाखालचं सुकाणू सांभाळ, आणि तमिळमध्ये पाय म्हणजे चटई. मी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘म्हणजे मी तुला जीभ वर करून चटई वापरायला सांगतोय?’’ आम्ही कालव्यावरून जात होतो. खाली कुणीतरी मोपेडवर गवताचा भारा घेऊन चाललं होतं, आणि आम्ही दोघं वर हसत होतो. त्यात पुढे घडणाऱ्या गोष्टीची काही सूचना असेल असं मला वाटलं नाही, त्यांनाही नाही.

माझं उतरणं सुधारत होतं, पण रोज नाही. एक दिवस बरं, दोन दिवस वाईट. आणि वरून वाऱ्याचे दिवस आले. आमच्याकडे म्हण आहे, आडीच्या वाऱ्यात पाटाही उडतो. आडी म्हणजे तमिळ महिना, तुमच्या आषाढ-श्रावणाच्या मधला. दगडी पाटा उडतो म्हणे, मग मी का नाही? मोठ्या सरांनाही बहुधा हाच प्रश्न पडला होता. मोठे सर म्हणजे आमच्या शाळेचे मुख्य, तमिळ गृहस्थ, आयुष्यभर विमानं चालवून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की आडी संपायच्या आत ही मुलगी एकटी जाण्याजोगी झाली तर ठीक, नाहीतर तिला घरी पाठवलेलं बरं. सगळ्यांनाच उडता यायला हवं असं काही नसतं.

सरांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं. लपवलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण ऐकल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरी मी काहीच बोलले नाही. अप्पा विचारायचे, ‘‘कधी सोडतायत?’’ मी म्हणायचे, ‘‘वारा पडू द्या.’’ नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला सरांनीच शिकवली होती.

त्या सकाळी वारा होता, पण उडता न येण्याइतका नव्हता. सर म्हणाले, आज दोन-तीन फेऱ्या नीट झाल्या तर बघू. ‘बघू’ म्हणताना त्यांनी दाराच्या कडीकडे पाहिलं. मला समजलं. आज ते उतरणार होते.

पहिली फेरी चांगली झाली. दुसरी त्याहून चांगली. तिसऱ्यांदा उतरताना वारा बाजूनं आला, विमान किंचित सरकलं, मी ते सावरलं, आणि सावरण्यात नाक वर घ्यायचं राहून गेलं. पट्टी वेगानं वर येत होती. एरवी सर म्हणायचे घे, घे. पण त्या दिवशी घे म्हणायला वेळ नव्हता. ते ओरडले, ‘‘ओढ!’’

मी थ्रॉटल पुढे ढकललं.

थ्रॉटल म्हणजे इंजिनाला जोर देणारी मूठ. ती पुढे गेली की विमान पळतं. इंजिन गर्जलं, नाक खाली तसंच राहिलं, आणि आम्ही आणखी वेगानं जमिनीवर गेलो. पुढचं चाक आधी आपटलं. आपटल्यावर विमान उसळलं, सरांनी ‘‘आय हॅव’’ एवढंच म्हणून माझ्या हातातून सगळं घेतलं, पुन्हा वर नेलं, एक फेरी मारून स्वतः उतरवलं. उतरवलं ते मागच्या चाकांवर आणि पुढचं चाक शेवटपर्यंत उचलून धरून, कारण ते आता नीट आहे की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या फेरीत मी हात मांडीवर ठेवून बसले होते. खाली भाताची रोपं वाऱ्यानं एका बाजूला झुकत होती आणि मला ती बघत राहण्याखेरीज काम नव्हतं.

पुढच्या चाकाचा दांडा वाकला होता. मेकॅनिक खाली वाकून बघून आला आणि त्यानं नुसती मान हलवली.

सर मला हँगरच्या मागे घेऊन गेले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ‘‘मी ओढ म्हटलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘ओढ म्हटल्यावर माणूस ओढतं. तू ढकललंस. का?’’

‘‘सर, तुम्ही पळ म्हणालात.’’

‘‘मी? पळ? कधी?’’

मला खरंच तेच ऐकू आलं होतं. आणि ते बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं. मी तिथल्या पत्र्याला टेकले. तमिळमध्ये ‘ओडु’ म्हणजे पळ. लहानपणापासून हजारदा ऐकलेलं. शाळेच्या शर्यतीत, बस सुटताना, पाऊस आल्यावर, कुत्रं मागे लागल्यावर, कुणीतरी मागून ओरडतं, ओडु, ओडु. पायांनाच ते कळतं, डोक्यापर्यंत जावं लागत नाही. इंजिनाच्या आवाजात आणि हेडफोनमध्ये ‘ढ’मधला श्वास कुठला ऐकू येणार? आणि आला असता तरी, आमच्या घरात दोरी कुणी ओढत नाही. आमच्या घरात दोरी ‘ताणतात’. ओढ मला वाचून ठाऊक आहे. पुस्तकात दिसली की ओळखते.

हे सगळं मी त्यांना सांगितलं, तुटक तुटक, निम्मं इंग्रजीत. ते ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘पण मी मराठीत बोलत होतो.’’

‘‘होय सर.’’

‘‘मग तुला मराठीच ऐकू यायला हवं होतं ना?’’

‘‘होय सर.’’

‘‘मग?’’

  आमच्या घरात वाक्य मराठीत सुरू होतं, मध्येच तमिळमध्ये शिरतं आणि इंग्रजीत संपतं, आणि कुणालाही त्यात काही झाल्यासारखं वाटत नाही. कान कुठल्या शब्दाला कुठला अर्थ लावेल हे कान आधी मला विचारत नाही. पण हे सांगण्यात अर्थ नव्हता. ते रागावलेले नव्हते, हेच वाईट होतं. रागावले असते तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. ते फक्त माझ्याकडे असे बघत होते, जणू आपण इतके दिवस कुणाशी बोलत होतो ते त्यांना नव्यानं कळत होतं.

‘‘चूक माझी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मी मराठीत बोलायलाच नको होतं.’’

‘‘मीच सांगितलं होतं सर.’’

‘‘तू विद्यार्थी आहेस. तू काय वाटेल ते सांगशील.’’

ते मोठ्या सरांच्या खोलीत गेले आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. खिडकी उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. सर काहीही म्हणू शकले असते. मुलगी ऐकत नाही, घाबरते, हिला जमणार नाही, एवढं एक वाक्य पुरे होतं आणि ते खोटंही झालं नसतं. मी तिथे बसून त्या वाक्याची वाट बघत होते. सर म्हणाले, ‘‘सर, मी हुकूम मराठीत दिला. तिला दुसराच शब्द ऐकू आला. तिचा दोष नाही.’’ मोठ्या सरांनी विचारलं, ‘‘ती मराठी आहे ना?’’ सर म्हणाले, ‘‘तंजावूरची आहे, सर.’’

मला दोन्ही गोष्टी एकदम वाटल्या. या माणसानं आपल्याला वाचवलं, आणि या माणसानं आपल्याला कुठल्या कुठे टाकलं. दोन्हीही त्यांनी एकाच वाक्यात केलं आणि दुसरं त्यांना कळलंही नसेल. मी जाऊन काय सांगणार होते? की सर, मी मराठीच आहे, फक्त मला ओढ कळली नाही?

असं ठरलं की विमान दुरुस्त झालं की माझी परीक्षा मोठे सर स्वतः घेतील. सोडायचं की घरी पाठवायचं ते तेच बघतील. सर आता माझ्याबरोबर उडणार नाहीत.

घरी अप्पांना सांगावं लागलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि विमानाचं काय झालं, मला लागलं का, हे काही विचारलं नाही. ते विचारते झाले, ‘‘आपल्याला ‘ओढ’ कळत नाही असं सांगितलंस त्यांना?’’

‘‘काय सांगायला हवं होतं?’’

‘‘इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं सांगायचं होतंस.’’

‘‘अप्पा, ते खरं नव्हतं.’’

‘‘खरं काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे,’’ अप्पा म्हणाले. ‘‘त्यांना कशाला?’’ अप्पांनी सगळी नोकरी शाळेत तमिळमध्ये गणित शिकवून केली आणि घरी येऊन हट्टानं मराठी बोलले. मराठा राजांबरोबर आलेली भाषा, असं ते पाहुण्यांना सांगतात. पाहुण्यांना त्यात काही रस नसतो. त्या दिवशी ते न जेवताच उठले. आई मला म्हणाली, तू लक्ष देऊ नकोस, त्यांचं तसंच आहे. हे ती तमिळमध्ये म्हणाली.

विमान दुरुस्त होईपर्यंत मी रोज बसनं जात होते आणि हँगरमध्ये बसून परत येत होते. सर दिसायचे. मी म्हणायचे, ‘‘सर, जेवलात?’’ ते म्हणायचे, ‘‘येस, येस. यू?’’ मी मराठीत विचारायचे, ते इंग्रजीत उत्तर द्यायचे. अगदी प्रेमानं, हसून, पण इंग्रजीत. सुरुवातीला मला वाटलं, मोठे सर आसपास आहेत म्हणून. मग कळलं की मोठे सर नसतानाही तसंच. मी मनाशी म्हटलं, परीक्षा होईपर्यंत असेल. मला गोंधळ नको म्हणून करतायत. एकदा मी एकटी उडून आले की सगळं आपोआप नीट होईल. या एका गोष्टीवर मी सगळं टांगून ठेवलं होतं. मला सोडू देत, मग बाकीचं बघू.

परीक्षेच्या दिवशी वारा पडलेला होता. मोठे सर शेजारी बसले आणि विमान भरून गेल्यासारखं वाटलं, तसे ते अंगानं थोराड होते. वर त्यांनी एकही जादा शब्द वापरला नाही. उतरताना म्हणाले, ‘‘बॅक. बॅक. होल्ड.’’ मी मागे घेतलं, धरून ठेवलं, चाकं टेकली. पुन्हा एकदा तसंच. तिसऱ्यांदा ते काही बोललेच नाहीत आणि मी उतरवलं. पट्टीच्या टोकाशी त्यांनी ब्रेक लावायला सांगितलं, दार उघडलं, उतरले, दार लावलं आणि हात हलवला.

मी त्यांना विचारणार होते की खरंच का. पण दार लागलं होतं.

शेजारची सीट रिकामी होती आणि त्यांनी तिचा पट्टा नीट बांधून ठेवला होता. विमान एरवीपेक्षा लवकर उठलं, कारण मोठ्या सरांचं वजन आता त्यात नव्हतं. खाली कालवा, त्याच्या कडेनं माड, दूर तंजावूरच्या बाजूला धूसर धूर. मला आनंद होईल असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मला भीती वाटली, आणि भीतीहूनही जास्त, कुणाला काही सांगता येत नाही याचं नवल वाटलं. मी काही बोलले असते तरी ऐकणारं तिथे कुणी नव्हतं. नाक वर, पाय वापर, थोडं थोडं घे, हे सगळं मला आता ठाऊक होतं, पण सांगायचंही मलाच आणि ऐकायचंही मलाच. मी उतरवलं. फार सुंदर नाही, फार वाईट नाही. उतरल्यावर हँगरपर्यंत विमान आणताना ते नागमोडी चाललं होतं.

पाणी ओतलं तिघांनीही, एकेकानं एकेक बादली. इतक्या दिवसांची उधारी होती म्हणाले. अप्पांना फोन केला तर ते ‘बरं झालं’ म्हणाले आणि आईकडे फोन दिला. मोठ्या सरांनी हात मिळवला. मी सर कुठे आहेत ते बघत होते.

सर हँगरच्या सावलीत उभे होते. मी तशीच गेले, ओल्या कपड्यांनी, केसांतून पाणी गळत. म्हटलं, ‘‘सर, बघितलंत?’’

‘‘ऑफ कोर्स,’’ ते म्हणाले. ‘‘व्हेरी गुड लँडिंग. आय ॲम प्राउड ऑफ यू.’’ ते खरं होतं. त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

‘‘सर, आता तरी मराठीत बोला.’’

ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, ओला लागला म्हणून काढला नाही. ‘‘इंग्लिश इज सेफर फॉर यू,’’ ते म्हणाले. ‘‘बिलीव्ह मी.’’ त्यात काही चूक नव्हती. माझ्या जिवावर बेतलं होतं, त्यांच्याही. मी ‘येस सर’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्यांच्या मागे एक नवी मुलगी उभी होती. त्याच सकाळी आलेली, साताऱ्याकडची. पाठीला बॅग अजून तशीच होती. उन्हानं आणि परक्या गावानं बावरली होती, बोलायला तोंड उघडत नव्हती. सर माझ्याकडून तिच्याकडे वळले.

‘‘ये गं, ये पुढे,’’ ते म्हणाले. ‘‘अशी लांब का उभी? बॅग ठेव आधी, पाणी पी. आज नुसतं बस आणि बघ, उद्यापासून तुला घेतो. इथली भाषा कळत नाही म्हणून घाबरायचं नाही हां. काही वाटलं तर मला येऊन सांगायचं. मी आहे. आपलंच माणूस आहे असं समज.’’

मी दोन पावलांवर उभी होते, आणि मला शब्दन् शब्द कळत होता.